ठाऊक असलेली खोट

जुन्या गाड्यांच्या बाजारात काही वाक्यं कधीच जुनी होत नाहीत. ‘डॉक्टरांची गाडी आहे.’ ‘सिंगल हँडेड आहे, ड्रायव्हरनं कधी हात लावलेला नाही.’ ‘साहेब परदेशात असतात, गाडी नुसती उभी होती.’ ‘एक रुपयाचं काम नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत धोक्याचं, कारण चार-सहा वर्षं रस्त्यावर असलेल्या यंत्रात काहीच काम नाही असं सहसा होत नाही. उलट, ‘हिचा गिअरबॉक्स कधीतरी खर्च काढणार, ते धरूनच किंमत सांगतोय’ असं म्हणणारा कुणी भेटला की आपण दचकतो आणि पुढची गाडी बघायला निघतो. माझ्या मते आपण नेमकं तिथेच फसतो. हौसेनं घ्यायच्या दमदार गाडीची खोट आधीच ठाऊक असणं हा अनेकदा तिला घेण्याच्या बाजूचा मुद्दा असतो. अट एवढीच, की ‘ठाऊक असणं’ म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवावं, आणि त्या माहितीचे पैसे मोजायची तयारी ठेवावी.

जुन्या गाड्यांचा बाजार हा अर्थशास्त्रातला गाजलेला विषय आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये त्यावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. मांडणी सरळ आहे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा मधली, सरासरी किंमत देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो गाडी विकायचं रद्द करतो. बाजारात उरलेल्या गाड्यांची प्रत घसरते, त्यामुळे किंमत आणखी घसरते, आणि मग बऱ्यापैकी गाड्यांचे मालकही निघून जातात. या निबंधात भारतातल्या सावकारीचंही उदाहरण आहे. बँकेचं व्याज कमी असूनही गावात सावकार टिकतो, कारण कुळाची पत त्याला घरबसल्या ठाऊक असते.

या मांडणीत बाजार बिघडवणारी गोष्ट कुठली, ते नीट पाहायला हवं. वाईट गाड्या असण्यानं बाजार बिघडत नाही. वाईट गाडीला वाईट गाडीची किंमत मिळाली तर व्यवहार सुरळीत होतो. बाजार बिघडतो तो कुठली गाडी वाईट हे एकालाच माहीत असल्यानं. म्हणजे खोट दोन्ही बाजूंना ठाऊक झाली, की अकरलॉफ यांच्या दुष्टचक्रातली पहिली कडीच गळून पडते. हे तत्त्व म्हणून ठीक आहे. प्रत्यक्षात काय होतं हे पाहायला पोर्शे ९११ इतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे कंपनी बुडायच्या बेतात होती. १९९३ मध्ये वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, टोयोटाच्या जपानी पद्धतीचे सल्लागार कारखान्यात आणले, आणि नव्या पिढीच्या दोन गाड्यांमध्ये जमेल तितके भाग सामाईक ठेवायचं ठरलं: स्वस्तातली बॉक्स्टर आणि नवी ९११, जिला तिच्या अंतर्गत क्रमांकावरून ९९६ म्हणतात. १९९७ मध्ये आलेली ९९६ ही पाण्यानं थंड होणारं इंजिन असलेली पहिली ९११. या गाड्यांच्या एम-९६ इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टला गती पोचवणारा एक मधला दांडा आहे, इंटरमीजिएट शाफ्ट. त्याच्या एका टोकाला आत ग्रीस भरलेलं सीलबंद बॉल बेअरिंग बसवलेलं होतं. कल्पना अशी, की त्याला जन्मभर हात लावावा लागू नये. पण इंजिनाचं गरम तेल हळूहळू सील ओलांडून आत शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं; बेअरिंगला पुरेसं ताजं तेलही मिळत नाही आणि ग्रीसही उरत नाही. ते झिजतं, त्याचा चुरा तेलात फिरतो, आणि एके दिवशी ते तुटतं. दांडा हलला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ सुटतो, ते एकमेकांवर आदळतात, आणि इंजिन भंगारात जातं. बहुतेक वेळा आधी धड इशाराही मिळत नाही.

ही खोट हळूहळू सर्वज्ञात झाली. अमेरिकेत सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. ती २००१ ते २००५ या काळात बनलेल्या गाड्यांपुरती होती, आणि कंपनीच्या मार्गानं गाडी घेणाऱ्यांच्या मानानं इतरांकडून जुनी गाडी घेणाऱ्यांना बरीच कमी भरपाई मिळाली. सुरुवातीच्या गाड्यांतलं दुहेरी बेअरिंग त्यामानानं टिकाऊ निघालं, ते मोडण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. नंतरच्या एकेरी बेअरिंगचं शंभरात आठच्या आसपास, असं या गाड्यांच्या जाणकारांमध्ये मानलं जातं. त्याच पिढीतल्या टर्बो आणि जीटी-३ या गाड्यांना मात्र पोर्शेचे इंजिनतज्ज्ञ हान्स मेत्झगर यांच्या परंपरेतलं वेगळं इंजिन होतं, त्यात ही भानगड नव्हती. २००९ च्या मॉडेलपासून साध्या ९११ मध्येही नवं इंजिन आलं आणि हा दांडाच नाहीसा झाला. पण तोवर ९९६ चं नाव खराब झालं ते झालं. कितीतरी वर्षं ती सर्वांत स्वस्त ९११ होती.

इथे साधं गणित करून पाहू. आकडे माझ्या मनाचे आहेत, पण प्रमाण ध्यानात येईल. समजा बिनखोटीच्या गाडीला २० लाख पडले असते आणि या बदनामीमुळे ती १६ लाखांना मिळते. इंजिन गेलं तर १० लाखांचा फटका, आणि तशी शक्यता शंभरात आठ. सरासरी काढली तर धोक्याची किंमत ८० हजार होते. बाजार सूट देतोय ४ लाखांची. शिवाय गिअरबॉक्स आणि क्लच उतरवल्यावर त्या बेअरिंगपर्यंत हात पोचतो, त्यामुळे क्लच बदलायच्या वेळीच सिरॅमिक गोळ्यांचं सुधारित बेअरिंग टाकता येतं. म्हणजे उपाय आहे, त्याला मुहूर्तही आहे. मग सूट इतकी मोठी का? कारण भीतीला हिशेब येत नाही. फुटलेल्या इंजिनाची गोष्ट दहा तोंडी फिरते. दीड लाख किलोमीटर बिनतक्रार धावलेल्या गाडीची गोष्ट कुणी सांगत नाही. खोट माहीत असलेल्यांपैकी बहुतेकांना तिचं फक्त नाव माहीत असतं. नाव आणि तपशील यांच्यातला हा फरकच घेणाऱ्याची कमाई असते.

पण सरासरीच्या या हिशेबावर एक आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. सरासरी उपयोगी पडते ती शंभर गाड्या घेणाऱ्याला. एकच गाडी घेणाऱ्याचं ८० हजारांचं नुकसान कधीच होत नाही. एक तर काहीच होत नाही, नाहीतर दहा लाख जातात. विमा कंपनी ज्या धोक्यावर धंदा करते, त्याच धोक्यात एखादं कुटुंब कर्जबाजारी होऊ शकतं. म्हणून गाडीची किंमत आणि तिच्या सर्वांत वाईट दिवसाचं बिल, या दोन्हींची बेरीज ज्याला झेपते त्यानंच या वाटेला जावं. १६ लाख कसेबसे जमवणाऱ्यानं १६ लाखांची अशी गाडी घेऊ नये. त्याच्यासाठी सूट ही सूट नसते, पुढच्या तारखेचा चेक असतो.

दुसरा प्रश्न ‘कमी चाललेली’ या विशेषणाचा. आपल्याकडे मीटरवरचा आकडा हाच गाडीचा चारित्र्याचा दाखला समजला जातो. म्हणून तर तो मागे फिरवणारे लोक अजून पोट भरतात. पण ठाऊक असलेल्या खोटीपुढे हा दाखला अनेकदा उलटा वाचावा लागतो. ९९६ वर काम करणाऱ्या जाणकारांचं निरीक्षण असं, की नेमानं धावणाऱ्या, इंजिन मोकळेपणानं फिरवल्या जाणाऱ्या आणि वेळेत तेल बदललेल्या गाड्यांमध्ये हे बेअरिंग जास्त टिकतं. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाडीत जुनं तेल ओल धरून बसतं, आणि बेअरिंग त्याच तेलात पडून राहतं. म्हणजे ‘नुसती उभी होती’ हे वाक्य, जे दलाल गुण म्हणून सांगतो, ते इथे लक्षण म्हणून ऐकायला हवं. कमी चाललेली गाडी अजून परीक्षेलाच बसलेली नसते. लाख-सव्वा लाख किलोमीटर धावून, पावत्यांची फाइल घेऊन आलेली गाडी निदान एक पेपर देऊन आलेली असते.

हा मुद्दा आपल्या घराजवळच्या उदाहरणानंही पडताळता येतो. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत फोक्सवॅगन पोलो तयार होत असे. २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आली: १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद आणि आपोआप गिअर बदलणारा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. पोर्शेच्या मानानं ती लिंबूटिंबू, पण दहा लाखांच्या आत-बाहेर वेगाची हौस भागवणारी गाडी म्हणून मराठी मुलखातल्या एका पिढीनं ती डोक्यावर घेतली, आणि गिअरबॉक्सच्या नावानं बोटंही मोडली. डीक्यू-२०० नावाच्या या गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले, क्लच असतात: एक १, ३, ५, ७ या गिअरसाठी, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्ससाठी. त्यांना हलवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा, हायड्रॉलिक्स आणि सर्किट एकत्र असलेला भाग बिघडला तर अर्धे गिअर गायब होतात, किंवा गाडी भर रस्त्यात हातपाय गाळून बसते. बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. याच गिअरबॉक्सवरून चीनमध्ये मोठा गदारोळ झाला. २०१२ मध्ये तिथे वॉरंटी १० वर्षांपर्यंत वाढवावी लागली, आणि २०१३ मध्ये फोक्सवॅगननं जगभरातल्या १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण-दमट हवेत सिंथेटिक गिअर ऑइलमुळे विजेच्या जोडणीत बिघाड होऊ शकतो म्हणून त्या जागी मिनरल ऑइल घालायचं होतं.

इथेही ‘किती चालली’पेक्षा ‘कुठे चालली’ हा प्रश्न मोठा. कोरडा क्लच तापतो तो रांगण्यात. घोडबंदर रोडवर रोज संध्याकाळी इंचाइंचानं सरकत ३० हजार किलोमीटर झालेली पोलो आणि नाशिक-पुणे करत ८० हजार झालेली पोलो यांत मीटर पहिलीच्या बाजूनं बोलेल, क्लच दुसरीच्या. हे ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. गाडी थंड असताना नाही, अर्धा तास शहरात फिरवून गरम झाल्यावर सोसायटीच्या तळघरातल्या उतारावर न्यावी. ब्रेक हलकेच सोडून ती पहिल्या गिअरमध्ये चढावर कशी सरकते ते पाहावं, मग त्याच चढावर रिव्हर्समध्ये. सीटखाली थरथर जाणवली, पहिल्याचा दुसरा गिअर पडताना धक्का बसला, की क्लचनं जबानी दिली. स्कॅनर लावला तर क्लच किती वेळा अति तापला याच्या नोंदीही वाचता येतात. पोर्शेच्या बाबतीत जाणता मेकॅनिक तेलाचा फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्या उलगडतो आणि उजेडात धरतो. चमकणारे कण दिसले की वर चुंबक फिरवतो. चिकटले तर पोलादी, म्हणजे बेअरिंगची शंका. न चिकटता चमकले तर ॲल्युमिनियम, म्हणजे शोध दुसरीकडे घ्यायचा.

यावरून ‘ठाऊक’ या शब्दाचे दोन थर वेगळे करता येतात. ‘या मॉडेलला ही खोट असते’ ही एक माहिती. ‘या गाडीत ती खोट आज या अवस्थेत आहे’ ही दुसरी. पहिली फुकट मिळते, कुठल्याही कट्ट्यावर. दुसरीसाठी वेळ, पैसे आणि जाणता माणूस लागतो. लबाड विक्रेता पहिलीच्या आड दुसरी लपवतो. ‘अहो, या मॉडेलमध्ये सगळ्यांनाच होतं ते’ हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही फसवं असू शकतं. सगळ्यांना होऊ शकतं आणि हिला झालंय, यात लाखाचा फरक आहे.

आणखी एक सापळा आहे, तो हुशार गिऱ्हाइकासाठी. प्रसिद्ध खोट सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेते. ९११ च्या पुढच्या पिढीत, ९९७ मध्ये, जरा उशिरानं मोठं बेअरिंग आलं आणि लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण त्याच सुरुवातीच्या ९९७ गाड्यांच्या, विशेषतः ३.८ लिटरच्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा आजार निघाला. तो बेअरिंगपेक्षा महाग, कारण त्याला इंजिन पूर्ण खोलण्यावाचून उपाय नाही. लक्षणं बारीक: तेल जास्त लागतं, टकटक येते, दोन धुराड्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा काळं दिसतं. बेअरिंगची पावती पाहून खूश झालेले कितीतरी लोक धुराड्याकडे वाकून बघायचे राहिले. म्हणून ठाऊक असलेल्या खोटीचा बंदोबस्त झाल्यावर उरलेली गाडी अनोळखी गाडीसारखीच तपासावी. एक गुपित फुटलं म्हणजे गाडीनं सगळं सांगितलं असं नाही.

मग विकणाऱ्यानं किती सांगायला हवं? आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या १७ व्या कलमाखाली दिलेली पहिली तीन उदाहरणं घोड्याची आहेत, आणि घोडा ही त्या काळची परफॉर्मन्स कारच. आपला घोडा सदोष आहे हे माहीत असूनही मालक लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे बोलणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन’, आणि मालक तरीही गप्प बसला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. दीडशे वर्षांपूर्वीच्या या तिसऱ्या उदाहरणात आजच्या गिऱ्हाइकाला एक हत्यार मिळतं: प्रश्न नेमका विचारा, आणि लेखी विचारा. ‘काका, मेकॅट्रॉनिक कधी बदललंय का? क्लचचं काम झालंय का? इन्शुरन्स क्लेम घेतलाय का?’ व्हॉट्सॲपवरच्या तीन ओळी पुरतात. मात्र जे साध्या तपासणीत कळलं असतं ते तुम्ही पाहिलंच नाही, तर मौनाबद्दलची तक्रार टिकवणं अवघड जातं. १९ व्या कलमातला अपवाद तेच सांगतो. थोडक्यात, कायदा गप्प बसणाऱ्याला बरीच मोकळीक देतो आणि विचारणाऱ्याला संरक्षण.

कायदा इतकाच आहे म्हणून बाकीची जबाबदारी बाजारावर, म्हणजे आपल्यावर येते. आणि तिथे आपण वागतो कसे? एक जण म्हणतो, ‘एक रुपयाचं काम नाही’. त्याला आपण मागेल ती किंमत देतो. दुसरा म्हणतो, ‘क्लच ४० हजार किलोमीटरवर बदललाय, ही पावती; मेकॅट्रॉनिक मूळचंच आहे, ते कधीतरी जाईल’; आणि आपण लगेच म्हणतो, ‘मग पन्नास हजार कमी करा.’ खरं बोलणाऱ्याला आपण जागच्या जागी दंड करतो. पुढची गाडी विकताना तो काय करेल हे सांगायला नोबेल मिळवलेला माणूस लागत नाही.

हा दंड अन्यायाचा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो हिशेबातही चुकीचा आहे. मॉडेलच्या बदनामीची सूट बाजारभावात आधीच उतरलेली असते. त्या मॉडेलची प्रत्येक गाडी, बोलक्या मालकाची आणि मुक्या मालकाची, तेवढी स्वस्त झालेलीच असते. मग एखादा मालक कागद दाखवून आपल्या गाडीची नेमकी अवस्था सांगतो, तेव्हा तो धोका वाढवत नाही, कमी करतो. झाकलेल्या सरासरी गाडीपेक्षा उघडी गाडी जास्त मोलाची आहे. तिच्यासाठी त्याच मॉडेलच्या सरासरी भावापेक्षा थोडे जास्तच मोजायला हवेत. खोट आधीच सुरू झालेली असेल, तर दुरुस्तीचं बिल वजा करा, जरूर करा. पण ‘खोट आहे’ हे सांगितल्याबद्दल पुन्हा वेगळी वजावट करू नका. एकाच भीतीचे पैसे दोनदा कापणं हा व्यवहार नव्हे.

हे सगळं दमदार गाडीलाच जास्त का लागू पडतं, याचं कारण तिच्या घडणीत आहे. अशी गाडी ही तडजोडीची एक धाडसी बाजू असते. कोरडे क्लच हलके, काटकसरी आणि झटपट गिअर बदलणारे. त्यांना गार ठेवणारं तेल नाही, ही त्याच निवडीची दुसरी बाजू. ज्या एम-९६ इंजिनात हे बेअरिंग होतं, त्याच इंजिनाच्या जोरावर बॉक्स्टर आणि ९९६ विकल्या गेल्या आणि पोर्शे तगली. गुण आणि खोट एकाच हिशेबातून जन्मलेले असतील, तर फक्त गुण विकत घ्यायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ज्याला तो हट्ट सोडवत नाही त्यानं वॉरंटीतली नवी गाडी घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त शांत झोपेची किंमत शोरूमच्या दरानं द्यावी लागते.

बाकीच्यांसाठी क्रम सोपा आहे. खोटीचं नाव ऐकून पळू नये, तिची यंत्रणा समजून घ्यावी. सर्वांत वाईट बिल झेपत असेल तरच पुढे जावं. मीटर पाहण्याआधी फाइल पाहावी. आणि एकसारख्या दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली, तर ज्या मालकानं न विचारता खोट सांगितली त्याची गाडी पाच-दहा हजार जास्त देऊन घ्यावी. ते पैसे गाडीचे नसतात. उद्या आपण तीच गाडी विकायला काढू, तेव्हा खरं बोलणं आपल्यालाही परवडावं, यासाठी भरलेली ती वर्गणी असते.